डिसेंबरातला ऑस्ट्रेलिया : काय पाहावे, काय ठेवून द्यावे

वाचकाचे पत्र

मी आणि माझे यजमान नुकतेच निवृत्त झालो आहोत. मुलगी व जावई मेलबर्नला असतात. १५ डिसेंबर ते जानेवारीअखेर असे सहा आठवडे आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. यजमानांनी भिंतीवर नकाशा लावून चोवीस दिवसांची एक गोल फेरी आखली आहे : मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, केर्न्स, डार्विन, उलुरू, ॲडलेड आणि परत मेलबर्न, सगळे शक्यतो मोटारीने. एवढे तिकीट काढून जायचे तर अख्खा देश पाहूनच यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे गुडघे दुखतात, शिवाय आम्ही शाकाहारी आहोत. खरे सांगायचे तर मला वेगळीच शंका येते. सगळीकडे समुद्रकिनारा, उंच इमारती आणि कांगारूच असतील, तर एक-दोन शहरे पाहून लेकीजवळ निवांत राहिलेले काय वाईट? जावयांना सुटी दहाच दिवसांची आहे. मुलगी सारखी सांगते की या दिवसांत उत्तरेकडे जाऊ नका. पण तिच्या बाबांना ते पटत नाही. आम्ही काय पाहावे आणि काय सोडावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या यजमानांची फेरी मी नकाशावर मोजून पाहिली. ती सुमारे साडेदहा हजार किलोमीटर भरते. चोवीस दिवसांनी भागले, तर रोजचे सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, तेही एकाही गावात दिवसभर मुक्काम न करता. त्यातला केर्न्स ते डार्विन हा एकच टप्पा अठ्ठावीसशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि माउंट आयझासारखे खाणींचे गाव सोडले, तर त्यात मोठे म्हणावे असे गाव क्वचितच लागते. जावयांनी दहाही दिवस गाडी हाकली, तरी ते आपल्याला जेमतेम डार्विनला पोहोचवतील आणि तिथून विमानाने कामावर परततील. उरलेले चार हजारांहून अधिक किलोमीटर कोणी चालवायचे, हा प्रश्न यजमानांनाच विचारून पाहावा.

अंतर हा मात्र दुय्यम आक्षेप आहे, कारण अंतर विमानाने कापता येते. खरी अडचण महिन्याची आहे आणि आपली मुलगी तेच सांगते आहे. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७६.९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक. मकरवृत्त या देशाच्या मधून जाते. पूर्व किनाऱ्यावर रॉकहॅम्प्टन गावातून आणि मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्जच्या थोड्या उत्तरेकडून. शाळेत शिकलेले आठवून पाहावे : २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य नेमका याच वृत्तावर असतो. म्हणजे आपण विमानातून उतराल, तेव्हा देशाचा मधला आणि वरचा भाग अक्षरशः सूर्याखाली असेल. मकरवृत्ताच्या दक्षिणेला मेलबर्न, सिडनी, ॲडलेड या पट्ट्यात चार ऋतू असतात आणि डिसेंबर हा तिथला उन्हाळा. वृत्ताच्या बऱ्याच वर, डार्विन-केर्न्सच्या बाजूला, चार ऋतू नसतातच. तिथे एक कोरडा काळ आणि एक ओला काळ. नोव्हेंबर ते एप्रिल हा ओला काळ. तेव्हा ‘डिसेंबरात तिकडे उन्हाळा असतो’ हे वाक्य निम्म्या देशापुरतेच खरे आहे. यजमानांचा नकाशा बिनचूक असेल, पण त्याच्या शेजारी दिनदर्शिका लटकवलेली नाही.

डार्विनचे उदाहरण घेऊ. तिथे वर्षाला सुमारे १,७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक आपल्या सहलीच्या महिन्यांतच. १९७४ सालच्या नाताळात ‘ट्रेसी’ नावाच्या चक्रीवादळाने ते शहर जवळजवळ झोपवले होते. डार्विनला जायचे ते मुख्यतः काकाडू राष्ट्रीय उद्यानासाठी. सुमारे २०,००० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश खडकांवरील प्राचीन चित्रांसाठी, पाणथळीतील पक्ष्यांसाठी आणि धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहे. गंमत अशी की, धबधब्यांना जेव्हा पाणी असते, तेव्हा त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते पाण्याखाली असतात. जिम जिम धबधब्याची वाट पावसाळाभर बंदच राहते. त्या भूमीचे मूळ रहिवासी, बिनिंज लोक, वर्षाचे सहा ऋतू मानतात. सहा ऋतू मानणाऱ्या आपल्या मंडळींना हे वाचून थोडी आपुलकी वाटावी. त्यांच्या गणनेत डिसेंबर म्हणजे ‘गुनुमेलेंग’ संपून ‘गुजेउग’ लागण्याचा काळ, म्हणजे वळवाची घुसमट संपून धो धो पाऊस सुरू होण्याचा. पृथ्वीच्या त्या तुकड्यावर हजारो वर्षे राहिलेल्या लोकांनी आखलेले हे वेळापत्रक आपल्या चोवीस दिवसांसाठी बदलणार नाही. डार्विन आणि काकाडू या खेपेला पूर्णपणे सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात तडजोड नको.

केर्न्सबाबत मी इतकी कठोर नाही, पण फार उत्साहीही नाही. ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळभिंत सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे, सुमारे २,९०० लहानमोठ्या प्रवाळखडकांची बनलेली आहे आणि १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. केर्न्सहून तिथे जाणाऱ्या बोटी डिसेंबरातही सुटतात. परंतु साधारण नोव्हेंबर ते मे या काळात त्या किनाऱ्याच्या पाण्यात विषारी जेलीफिश असतात; म्हणून किनाऱ्यावर जाळी लावून आखलेल्या जागेतच पोहावे लागते आणि बोटीवरून पाण्यात उतरताना अंगभर घट्ट पोशाख घालावा लागतो. त्यात पाऊस आणि चक्रीवादळाची टांगती तलवार. वाढत्या तापमानाने २०१६ पासून या प्रवाळांवर वारंवार विरंजनाचे, म्हणजे रंग उडून पांढरे पडण्याचे संकट आले आहे, तेव्हा माहितीपत्रकातले सगळेच रंग जागेवर दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र ही भिंत म्हणजे फक्त केर्न्स नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तिचे दक्षिण टोक बंडाबर्ग आणि ग्लॅडस्टन या गावांसमोर येते आणि तिथला पाऊसही तुलनेने कमी. बंडाबर्गजवळ मॉन रेपो नावाचा एक किनारा आहे, जिथे नोव्हेंबरपासून समुद्री कासवे रात्री अंडी घालायला वर येतात आणि जानेवारी ते मार्च पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धावतात. जानेवारीच्या उत्तरार्धात दोन्ही दिसण्याचा संभव असतो. वनरक्षक गटागटाने नेतात, आधी नोंदणी करावी लागते, कासव येईपर्यंत थांबावे लागते आणि ते कधीकधी मध्यरात्र उलटवते. गुडघ्यांना वाळूतून थोडे चालावे लागेल, एवढीच तक्रार. केर्न्सच्या बोटीत चार तास उलट्या करण्यापेक्षा मी या वाळूवर चार तास बसणे पसंत करीन.

आता उलुरू. यजमानांचा जीव त्याच लाल खडकात अडकला असावा, असा माझा तर्क आहे आणि तो अडकावा असाच तो खडक आहे. सपाट वाळवंटातून ३४८ मीटर उंच उठलेला, नऊ किलोमीटरहून अधिक घेराचा हा वालुकाश्म आतून करडा आहे. पृष्ठभागावरील लोहाला गंज चढल्यामुळे तो तांबडा दिसतो. तो तिथल्या मूळ रहिवाशांचा, अनांगू लोकांचा आहे, आणि हे नुसते भावनेने म्हटलेले नाही : २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ही जमीन त्यांना कायदेशीरपणे परत केली. बरोबर चौतीस वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, खडकावर चढणे कायमचे बंद झाले. जुन्या प्रवासवर्णनांत ‘माथ्यावरून दिसणारा देखावा’ वाचून यजमानांनी काही मनात धरले असेल, तर ते आताच काढून टाकावे. खडकाच्या काही भागांची छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्याही तिथे आहेत, त्या पाळाव्यात.

डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा ४० अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नसते आणि माश्या तर डोळ्यांच्या कडांवर हक्काने बसतात. शेजारच्या काटा जुटा या छत्तीस घुमटांच्या डोंगरात एक सुंदर पायवाट आहे; पण हवामानाचा अंदाज ३६ अंश किंवा अधिक असेल, तर सकाळी अकरानंतर तिचा पुढचा भाग बंद करतात. मी स्वतः एकदा जानेवारीत, आरामात न्याहारी उरकून, साडेअकराला तिथे पोहोचले आणि फलक वाचून परत फिरले. त्या सहलीची आखणी करणाऱ्या संस्थेने ‘काटा जुटा : अर्धा दिवस’ असे छापले होते, त्या अर्ध्या दिवसाला सकाळ अभिप्रेत आहे, एवढे सांगायला मात्र ते विसरले. तरीही, उलुरूबाबत माझा सल्ला डार्विनपेक्षा वेगळा आहे. उत्तरेतला पाऊस टाळता येत नाही, पण वाळवंटातली दुपार टाळता येते. मेलबर्नहून सुमारे तीन तासांचे थेट विमान आहे. दोन रात्री राहावे, पहाटे पाचच्या आधी उठावे, सूर्योदय पाहून मुटिजुलू पाणवठ्यापर्यंतची सपाट वाट चालून यावी, दहाच्या आत खोलीत परतावे आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडू नये. ॲलिस स्प्रिंग्जला उतरून मोटारीने जाण्याचा मोह करू नये, कारण तिथून उलुरू साडेचारशे किलोमीटर दूर आहे. नकाशावर ती दोन नावे शेजारी दिसतात, हा नकाशाचा दोष. नशीब जोरावर असेल आणि वळवाची सर आली, तर खडकाच्या अंगावरून धबधबे कोसळताना दिसतात. हिवाळ्यात जाणाऱ्या प्रवाशांना ते दृश्य क्वचितच लाभते.

एवढी काटछाट केल्यावर यजमान म्हणतील, मग उरले काय? येथे आपल्या शंकेचेही उत्तर देणारा भाग सुरू होतो, कारण उरतो तो देशाचा दक्षिण काठ, आणि डिसेंबरात तो ऐन बहरात असतो.

‘सगळीकडे सारखेच’ ही समजूत शहरांच्या मधल्या भागापुरती थोडीफार खरी आहे. पण १९०१ पर्यंत हा एक देशच नव्हता; सहा वेगवेगळ्या वसाहती होत्या आणि त्यांचे आपसांत फारसे सख्य नव्हते. व्हिक्टोरियाने रेल्वेचा रूळ १,६०० मिलिमीटर रुंदीचा टाकला, न्यू साउथ वेल्सने १,४३५चा आणि क्वीन्सलंडने १,०६७चा. परिणामी सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्या प्रवाशाला सीमेवरच्या ऑल्बरी स्थानकात गाडी बदलावी लागे, आणि हा प्रकार थेट १९६२ पर्यंत चालला. मेलबर्न आणि सिडनी यांच्यातील चुरस इतकी होती की, राजधानी दोघांनाही न देता मध्ये कॅनबेरा नावाचे नवे शहर वसवावे लागले. ते पुरे होईपर्यंत, १९२७ पर्यंत, संसद मेलबर्नलाच भरत असे. कॅनबेराचा आराखडा करणारे वॉल्टर बर्ली ग्रिफिन पुढे कामानिमित्त भारतात आले आणि १९३७ साली लखनौला वारले. (वाट थोडी वाकडी झाली, पण ही गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

त्या जुन्या सीमा अजून बोलण्यात आणि खेळात जिवंत आहेत. मेलबर्न, ॲडलेड, पर्थ आणि टास्मानिया येथे फुटबॉल म्हटले की ऑस्ट्रेलियन पद्धतीचा, लंबगोल मैदानावरचा खेळ. सिडनी-ब्रिस्बेनला रग्बी लीग. पोहण्याच्या कपड्यांना मेलबर्नमध्ये ‘बेदर्स’, सिडनीत ‘कॉझी’ आणि क्वीन्सलंडात ‘टॉग्ज’ म्हणतात. शाकाहारी माणसाने लक्षात ठेवण्याजोगा फरक पुढचा आहे. बटाट्याची तळलेली चकती सिडनीत ‘पोटॅटो स्कॅलप’ या नावाने मिळते आणि मेलबर्नला ‘पोटॅटो केक’ या नावाने. सिडनीची सवय लागून मेलबर्नमध्ये नुसते ‘स्कॅलप’ मागितले, तर पानात शिंपल्यातला जीव येईल. त्यातही काही दुकानांत तळण गोमांसाच्या चरबीत करतात आणि पुष्कळ ठिकाणी मासळी व बटाटा एकाच कढईत जातो, तेव्हा विचारून घेणे बरे. मोठ्या शहरांत शाकाहाराची अडचण मुळीच नाही. किनाऱ्यावरच्या लहान गावांत संध्याकाळी सातनंतर ती जाणवते, कारण तोवर अनेक स्वयंपाकघरे आवरायला लागलेली असतात.

मेलबर्नपासून सुरुवात करावी, आणि घाईने नव्हे. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडले आणि त्या पैशातून हे शहर उभे राहिले. १८८० सालची प्रदर्शन-इमारत, जिथे १९०१ मध्ये देशाची पहिली संसद भरली, ती आज जागतिक वारसा यादीत आहे. सुमारे अडीचशे किलोमीटरचे ट्रामचे जाळे, जगातले सर्वांत मोठे, आपल्या गुडघ्यांसाठीच विणल्यासारखे आहे आणि मध्यवर्ती भागात ट्रामला तिकीटही लागत नाही. सोन्याचा काळ पाहायचा तर दीड तासावरच्या बॅलरॅटला सॉव्हरिन हिल या खुल्या संग्रहालयात एक दिवस द्यावा. यजमानांना क्रिकेटचे वेड असेल, तर २६ डिसेंबरला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सुरू होणाऱ्या कसोटीचे एखाद्या दिवसाचे तिकीट त्यांच्या हाती ठेवावे. सुमारे एक लाख माणसे बसतील एवढ्या मैदानात तो दिवस घालवल्यावर डार्विनचा विषय बराच मवाळ होईल.

ग्रेट ओशन रोड हा रस्ता सगळेच दाखवतात, पण बहुतेक जण एका दिवसात उरकतात, आणि ते चूक आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, बरेचसे काम कुदळ-फावड्यांनी करून, मृत सोबत्यांचे स्मारक म्हणून हा २४३ किलोमीटरचा रस्ता बांधला. त्याच्या पश्चिमेला चुनखडीचे सुळके समुद्रात उभे आहेत, त्यांना ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’, म्हणजे बारा शिष्य, असे म्हणतात. बारा ते कधीच नव्हते. नऊ होते, त्यातला एक २००५ मध्ये कोसळला, आता आठ मोजले जातात. जवळच ‘लंडन ब्रिज’ नावाची दुहेरी कमान होती. १९९० च्या जानेवारीत तिचा किनाऱ्याकडचा भाग अचानक पडला आणि पलीकडे उभ्या असलेल्या दोन पर्यटकांना हेलिकॉप्टरने उचलून आणावे लागले. समुद्र तिथे आजही किनारा खातो आहे आणि ते आपल्या डोळ्यांसमोर चाललेले असते, म्हणून तो भाग सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा पाहावा. त्यासाठी एक रात्र पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम हवा. परतताना आतल्या, सरळ रस्त्याने यावे. वळणांचा रस्ता एकदाच पुरे.

जावयांचे दहा दिवस मात्र मी टास्मानियासाठी राखून ठेवीन. तिथे गाडी लागतेच आणि अंतरे माणसाच्या आवाक्यातली आहेत. मेलबर्नहून होबार्टला विमानाने सव्वा तास लागतो. स्वतःची गाडी न्यायची असेल, तर जिलाँगहून सुटणारी बोट रात्रीत बासची सामुद्रधुनी ओलांडून डेव्हनपोर्टला पोहोचवते. मेलबर्नला ३८ अंश असताना होबार्टला बावीस असू शकतात आणि डोंगरांवर डिसेंबरातही एखादे दिवशी हिम भुरभुरते, तेव्हा लोकरीचे कपडे सोबत ठेवावेत. क्रेडल माउंटनला पायथ्यापासून बस थेट डव्ह सरोवरापर्यंत जाते. संध्याकाळच्या आधी रॉनी क्रीकपाशी लाकडी फळ्यांच्या सपाट वाटेवर रेंगाळावे; वॉम्बॅट हा गुबगुबीत, मातीरंगी प्राणी तिथे गाईसारखा शांतपणे चरताना दिसतो. पूर्व किनाऱ्यावर फ्रेसिने येथे वाइनग्लास बे पाहण्यासाठी सगळे पायऱ्या चढतात. आपण त्या चढू नयेत. त्याऐवजी केप टूरव्हिल दीपगृहाभोवतीची वीस मिनिटांची सपाट वाट घ्यावी. दृश्य थोडे दूरचे, पण गुडघे शाबूत. पोर्ट आर्थर ही १८३० ते १८७७ या काळातली कैद्यांची वसाहत आहे. गुलाबबागा, समुद्र आणि मध्ये तुरुंगाच्या भिंती असे ते विचित्र देखणे ठिकाण आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात गुन्हेगार कधीच पाठवले गेले नाहीत, ती स्वेच्छेने आलेल्यांची वसाहत होती, आणि ॲडलेडची माणसे हे आजही संधी मिळेल तेव्हा ऐकवतात. पोर्ट आर्थर पाहिल्यावर तो अभिमान कशाचा, ते कळते.

सिडनीला आपण दोघांनीच विमानाने जावे. जावयांची गरज नाही. नाताळ ते नववर्ष टाळावे, कारण त्या आठवड्यात खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात. जानेवारीच्या मध्यानंतर चार-पाच दिवस पुरेत. १९७३ साली उघडलेले ऑपेरा हाउस आणि १९३२ चा पूल हे दोन्ही ‘सर्क्युलर की’ या धक्क्यावरून मॅनली या उपनगराला जाणाऱ्या साध्या प्रवासी बोटीतून उत्तम दिसतात, त्यासाठी महागडी सफर घेऊ नये. तिथून आगगाडीने दोन तासांवर कटूम्बा. निलगिरीच्या झाडांतील तेलाच्या सूक्ष्म थेंबांमुळे निळसर दिसणारे ब्लू माउंटन्स तिथल्या कठड्यावरून पायऱ्या न चढता पाहता येतात. ॲडलेड आणि पर्थ या खेपेला सोडले तरी चालेल. पर्थचा उन्हाळा कोरडा व छान असतो, पण चार तासांचे विमान जाऊन-येऊन आठ तास खाते, आणि त्या बाजूची रानफुले पाहायची तर सप्टेंबर-ऑक्टोबरच गाठावा.

म्हणजे हिशेब असा होतो : सुरुवातीचे दहाबारा दिवस मेलबर्न आणि कसोटी, जावयांच्या सुटीत टास्मानिया, जानेवारीच्या मध्यानंतर सिडनी, आणि शेवटी उलुरू किंवा मॉन रेपो यांपैकी एकच. निवड यजमानांनी करावी, पण दोन्ही मागू नयेत. मधले सगळे दिवस लेकीजवळ. शाळांना नाताळाच्या आधीपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत सुटी असते, म्हणून टास्मानियातल्या खोल्या आजच धराव्यात. तिथे ‘गेल्यावर बघू’ चालत नाही.

थोडे घड्याळाविषयी, कारण विमाने यावरच चुकतात. उन्हाळ्यात दक्षिणेकडची राज्ये घड्याळे एक तास पुढे करतात, पण क्वीन्सलंड, उत्तर प्रांत आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया करत नाहीत. त्यामुळे एरवी तीन असलेल्या वेळा पाच होतात. आपण मेलबर्नहून उलुरूला गेलात, तर घड्याळ दीड तास मागे न्यावे लागेल, बंडाबर्गला गेलात तर एक तास.

उन्हाकडे आणि आगीकडे दुर्लक्ष करू नये. दुपारचे ऊन तिथे भाजते, सावळ्या कातडीलाही. टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन नियमाने वापरावे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नला ४६.४ अंश तापमान नोंदले गेले आणि त्या दिवशीच्या वणव्यांत व्हिक्टोरियात १७३ माणसे दगावली. तेव्हापासून तिथली माणसे आगीचा इशारा गंभीरपणे घेतात. इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरची, ‘कॅटॅस्ट्रॉफिक’, जाहीर झाली, तर त्या दिवशी रानात किंवा ग्रेट ओशन रोडला जाऊ नये, खोलीचे पैसे बुडाले तरी. समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरावे. विमानतळावर उतरताना भरायच्या जाहीरनाम्यात पिशवीतला प्रत्येक खाद्यपदार्थ लिहावा, घरी केलेलाही. लिहिलेला पदार्थ फार तर काढून घेतील, लपवलेल्यावर जबर दंड बसतो. टास्मानियाला जाताना मेलबर्नची फळेही सोबत नेता येत नाहीत.

उत्तरेकडचा भाग जून ते ऑगस्टमधल्या पुढच्या खेपेसाठी ठेवावा. तेव्हा काकाडूचे रस्ते टप्प्याटप्प्याने उघडतात, केर्न्सच्या पाण्यात जेलीफिशसाठीचा तो अंगभर पोशाख सहसा लागत नाही आणि उलुरूला रात्री पाणी गोठेल इतकी थंडी असली, तरी दिवसभर चालता येते. यजमानांनी नकाशा भिंतीवरून उतरवू नये. फक्त मकरवृत्तावर एक जाड रेघ ओढावी.

आणि मेलबर्नला पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक संध्याकाळ फिलिप आयलंडला द्यावी, दोन तासांवर आहे. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर फूटभर उंचीचे पेंग्विन समुद्रातून निघून, वाळू ओलांडून बिळांकडे परततात. तिथे छायाचित्रे काढायला मनाई आहे, बसायला पायऱ्यांची बाके आहेत आणि वारा बोचरा असतो. तिकीट आधी काढावे, आणि शाल घ्यावी.